दाऊदने केलेलं तबक

माझ्या बायकोची अशी समजूत आहे की माझ्याबद्दलची एकूण एक गोष्ट तिला ठाऊक आहे. ही नाही. पाळकसाहेबांना नाही, मंडळीतल्या कुणालाच नाही. आठ वर्षं मी ती एकट्याने बाळगली, आणि आज पहिल्यांदा कागदावर उतरवतो आहे. तुमच्यापुढे का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा एखाद्या जुन्या मित्राशी बोलावं तसं तुमच्याशी बोलता येईल असं वाटतं, म्हणून असेल.

आज शनिवार. काल उत्तम शुक्रवार झाला, उद्या पुनरुत्थानाचा रविवार. आमच्या पाळकसाहेबांचा घसा पार बसला आहे. प्रभुभोजन ते देतील, पण उपदेश त्यांनी माझ्यावर सोपवला, आणि विषयही नेमून दिला — येशूचं पुनरुत्थान आणि आपलं आजचं जगणं. जेवण उरकून मी घराला लागूनच असलेल्या दवाखान्यातल्या टेबलाशी येऊन बसलो. दोन तासांत एकच ओळ लिहून झाली : प्रभू उठला आहे. ओळ खरी आहे. तिच्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, कधीच नव्हती. पण दुसरी ओळ लिहायला टाक उचलला, की दाऊदचे हात दिसतात.

तेव्हा आधी दाऊद कोण, ते सांगतो.

आमचं गाव कृष्णेकाठी, साताऱ्याहून सांगलीला जाणाऱ्या वाटेवर. मिशनचा लहानसा दवाखाना आहे, तिथे मी वीस-बावीस वर्षं कंपाउंडर आहे. दाऊद आणि मी एकाच बोर्डिंगात वाढलो, एका ताटात जेवलो. पुढे मी औषधांकडे गेलो, तो सुतारकामाकडे. काही वर्षं माधवनगरच्या गिरणीत त्याने काम केलं, मग गावी येऊन स्वतःचा कारखाना घातला. कारखाना कसला, पत्र्याची एक पडवी. पण त्याने केलेल्या खुर्च्यांवर आजही आमच्या देवळात माणसं बसतात, आणि त्यातली एकही करकरत नाही.

एका दुपारी मी त्याच्या पडवीत गप्पा मारत बसलो होतो. चुलीवर सरसाचं भांडं रटरटत होतं. बोलता बोलता त्याने ते नुसत्या हाताने उचललं, आणि धरूनच बोलत राहिला.

“अरं, भाजतंय की तुला!” मी ओरडलो.

“भाजतंय व्हय?” त्याने भांडं खाली ठेवून बोटांकडे पाहिलं. “मला तर कायबी कळलं न्हाई.”

मला कळलं. मी सदऱ्याची टाचणी काढली, त्याला डोळे मिटायला लावले आणि म्हणालो, टोचलं की सांग. तो डोळे मिटून बसला, आणि थोड्या वेळाने वैतागून म्हणाला, “टोच की रं लवकर. कामं पडल्यात.”

तोवर मी तीनदा टोचलं होतं.

मीच त्याला आगगाडीने महारोग्यांच्या वसाहतीत घेऊन गेलो. त्याची बायको सारूबाई बरोबर होती. फाटकाशी मी दाऊदचा हात धरला — होय, तेव्हा धरला — आणि म्हणालो, “बरा होऊन ये. देवळात माझ्या शेजारची जागा तुझीच.”

सहा वर्षं त्याने त्या रोगावरच्या कडू तेलाची इंजेक्शनं घेतली. मग लढाई चालू असताना, एका थंडीत, तो परत आला. खिशात वसाहतीच्या डॉक्टरचा दाखला. रोग थांबला आहे, याच्यापासून कुणालाही संसर्ग होणार नाही. दाखला इंग्रजीत होता, तेव्हा तो मंडळीसमोर वाचून दाखवायचं काम माझंच. मी वाचला, मराठीत समजावला, आणि वर माझ्या पदरचं एक वाक्य घातलं, “मी जबाबदार.” लोकांचा माझ्यावर विश्वास. सगळ्यांनी त्याला सलाम केला. म्हाताऱ्या बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. आणि तो येऊन माझ्या शेजारी बसला, मी दिलेल्या जागेवर.

रोग गेला होता, पण हातांवरून जाऊन गेला होता. उजव्या हाताचा अंगठा तेवढा शाबूत, बाकीची बोटं अर्ध्यावर सरलेली. डाव्या हाताची बोटं आत वळलेली, उघडत नसत.

इथवर सहज आलो. इथून पुढे हात अडतो.

आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन होई. चपातीचे तुकडे वाटायचे, आणि मग मनुका उकळून काढलेल्या रसाचा एकच प्याला हातोहात फिरवायचा. पितळी, चांदीचा मुलामा दिलेला, दोन कानांचा प्याला. ज्याने त्याने एक घोट घ्यायचा, कड फडक्याने पुसायची, शेजाऱ्याला द्यायचा. दाऊद त्या प्याल्याला दोन्ही तळव्यांत धरी, ओंजळीत पाणी धरावं तसा. प्यायला, की कड पुसून माझ्याकडे देई.

त्या पहिल्या रविवारी मी प्याला घेतला, तोंडाला लावला, कलता केला — आणि ओठ मिटून घेतले. घोट घेतला नाही. घेतल्यासारखं केलं, गळाही हलवला, आणि प्याला पुढे दिला.

घाबरलो होतो? हो. पण कशाला? रोज दहा जणांच्या जखमा धुणारा माणूस मी. त्या दाखल्यातला शब्द न् शब्द खरा आहे, हे गावात सगळ्यात चांगलं मला ठाऊक होतं. बाकीचे माझ्या शब्दावर विसंबून त्या प्याल्यातून पीत होते, आणि मी, शब्द देणारा, पीत नव्हतो. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. तीन वेळा मी प्रभूचा प्याला हातात धरून खोटं वागलो.

एवढंच असतं, तरी कदाचित मी ते कधीतरी कुणाला सांगून टाकलं असतं. पण दर महिन्याला ते नाटक मला जड जायला लागलं. आणि मग मी ते कायमचं चुकवायची युक्ती काढली.

मी मंडळीच्या पंचांपैकी एक. पंचांच्या बैठकीत मी क्षयाचा विषय काढला. एका प्याल्यातून प्यायल्याने क्षय कसा पसरतो, मोठ्या शहरांतल्या मंडळ्यांत आता प्रत्येकाला वेगळा छोटा पेला कसा देतात, हे सगळं मी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. दाऊदचं नाव मी काढलं नाही. खोटं एवढंच होतं, की मी ते का सांगत होतो.

एक म्हातारे पंच होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते म्हणाले, “चाळीस सालं मी ह्या प्याल्यातनं पितोय. माझ्या मिशा बुडत्यात त्यात. कोन मेलं रं आजवर?”

सगळे हसले. मी नाही हसलो. मी म्हणालो, “अण्णा, मेलेला माणूस सांगायला येत नाही, कशानं मेलो ते.” कंपाउंडरपुढे कोण बोलणार? आणि पेल्यांचा प्रश्नच नव्हता. औषधाचा डोस मोजून द्यायचे काचेचे छोटे पेले दवाखान्यात होते, ते मीच देऊ केले. पाळकसाहेबांनी माझी पाठ थोपटली.

त्या रविवारी उपासनेत हे जाहीर झालं. पेले फिरवायला एक लाकडी तबक लागेल, भोकं पाडलेलं, म्हणजे पेले कलंडणार नाहीत, असं पाळकसाहेब बोलले मात्र, माझ्या शेजारून दाऊद उठला.

“तबक मी करतो,” तो म्हणाला. “सहा सालात देवाच्या घरात एक खुंटीबी ठोकली न्हाई मी.”

तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मापाला एक पेला घेऊन मी त्याच्या पडवीत गेलो.

मित्रहो, त्याने ते तबक कसं केलं ते मी पाहिलं आहे. उजव्या मनगटाला चिंधीने कोरायची पटाशी बांधून घेतली होती. फळी सारूबाईने पायांत धरलेली. गिरमिट तो छातीने दाबायचा आणि ती फिरवायची. एक भोक पडायला बराच वेळ लागे. छत्तीस पाडायची होती.

“आता आमी दोगं मिळून एक सुतार झालोय,” दाऊद मला म्हणाला. “हात हिचे, अक्कल माझी.”

“अक्कल आसती तर सरस हातानं उचलला आसता व्हय?” सारूबाई फिरवता फिरवता म्हणाली. “गप दाबा तिकडं.”

तो खदखदा हसला. मीही हसलो. मी त्या पडवीत बसून त्या दोघांबरोबर हसलो, हे मला अजून आठवतं, आणि आठवलं की अंगावर काटा येतो. त्यालाच प्याल्यापासून लांब ठेवायची वस्तू तो माणूस स्वतःच्या छातीने दाबून घडवत होता. पंधरा दिवसांनी तबक तयार झालं. सागवानी, कडेला द्राक्षवेलीची नक्षी. त्या हातांनी नक्षी!

पुनरुत्थानाच्या सणाला ते पहिल्यांदा वापरायचं ठरलं. पहाटे आम्ही गात गात गल्लीतून फिरलो, उजाडता देवळात आलो. उपदेश झाला, चपाती वाटली, आणि तबक निघालं. हातोहात येत येत ते दाऊदपाशी आलं. त्याने ते मांडीवर ठेवलं आणि पेला उचलायला हात घातला.

पेला निघेना.

छोटा पेला, भोकात घट्ट बसलेला, कड जेमतेम वर. तो उचलायला बोटांची टोकं लागतात. दाऊदला ती नव्हती. त्याने अंगठ्याने ढकलून पाहिलं. डाव्या हाताने बाजूने रेटून पाहिलं. काच लाकडावर किणकिण वाजत होती. ते किणकिणणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं. पलीकडे बायकांच्या बाजूला सारूबाई अर्धवट उठली, आणि तशीच थांबली.

माझा डावा हात त्या पेल्यापासून वीतभर लांब होता. नुसता पुढे करायचा होता. पेला काढायचा, त्याच्या ओठांना लावायचा — बस. मी काय केलं? मी तबकातून माझा पेला उचलला आणि डोळे मिटून घेतले, प्रार्थना करत असल्यासारखे.

डोळे उघडले तेव्हा तबक पुढे गेलं होतं. त्याचा पेला भरलेलाच होता.

उपासना सुटल्यावर तो मला पायरीवर भेटला. चेहऱ्यावर राग नव्हता. शरमलेला होता. म्हणाला, “भोकं अंमळ खोल झाली रं गड्या. पेल्याचं माप घेतलं, हाताचं घ्याचं राहूनच गेलं. माझीच चूक.”

आणि मी — हे लिहायला मला आठ वर्षं लागली — मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “असू दे. होतं असं.”

मी त्याला क्षमा केली. कळलं तुम्हाला? त्याने माझा अपराध स्वतःच्या अंगावर घेतला, आणि मी मोठ्या मनाने त्याला क्षमा केली.

पुढे पाळकसाहेबांनी एकदा सुचवलं, की दाऊदपुरता तो जुना प्याला काढू या. मीच त्यांना अडवलं. म्हणालो, “एकट्यालाच वेगळा प्याला दिला, तर तो दुखावेल.” केवढा कळवळा! कुणी पेला काढून द्यायला गेलं, तर दाऊदच हसून मान हलवी. त्याला लहान मुलासारखं भरवून घेणं नको वाटे. म्हणून आठ वर्षं तबक आलं की तो ते मांडीवर ठेवतो, क्षणभर मान खाली घालतो, आणि पुढे देतो. विचारलं तर म्हणतो, “मी मनात घेतो.” लोक त्याला नम्र म्हणतात. आणि मी त्याच्या शेजारी बसून माझा स्वच्छ, वेगळा पेला पितो.

काल दुपारी उपासनेनंतर सारूबाईने मला ओसरीवर गाठलं. आता तिचे केस पांढरे झालेत, जीभ आहे तशीच आहे.

“आवं कंपाउंडर, परवा तुमी बोलणार म्हनं?”

“हो.”

“मग एक सांगू का? परभू उठला ह्ये आमाला ठावं हाय. दरसाल तुमी लोक कबरंवरची धोंड लोटता आन् तितंच थांबता. उठून त्यानं पुढं काय केलं, त्ये सांगा की एकदा.”

एवढं बोलून ती गेली. ती सहज बोलली, की तिला काही ठाऊक आहे? मला माहीत नाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे. रविवारच्या वर्गात मीच ते मुलांना शिकवतो. उठल्यावर तो कुठे गेला? राजवाड्यात नाही गेला, ज्यांनी मारलं त्यांना लाजवायला नाही गेला. जे शिष्य त्याला टाकून पळाले होते, वरच्या माडीत दारं लावून बसले होते, त्यांच्यात जाऊन उभा राहिला. आणि पहिली गोष्ट काय केली? हात दाखवले.

याचा मी आज दुपारी प्रथमच नीट विचार केला. ज्या देवाने त्याला मरणातून उठवलं, त्याला ते हात बरे करणं अवघड होतं का? पण खिळ्यांच्या खुणा तशाच राहिल्या. आमचा प्रभू उठला तो फुटक्या हातांनिशी उठला. ज्या शिष्याला खरं वाटेना, त्याला तो म्हणाला, बोट घाल इथे. आणि मग तळ्याकाठी त्याच हातांनी विस्तव केला, मासे भाजले, भाकर मोडली, आणि पळून गेलेल्यांना हाक मारली, या, न्याहारी करा. ज्याने तीनदा त्याला नाकारलं होतं, तोही त्या पंगतीत होता.

हेच पुनरुत्थानाचं जगणं. मला आता याची खात्री आहे, माझ्या नाडीच्या ठोक्याइतकी. कबर रिकामी आहे हे मानणं मला कधी जड गेलं नाही. पण उठलेला माणूस शेजारी येऊन बसतो, त्याचे हात तसेच असतात, आणि तो प्याला पुढे करतो, तेव्हा काय करायचं, यावर सगळं उभं आहे. माझ्या शेजारी असा एक माणूस येऊन बसला होता. ज्याला आम्ही मेल्यासारखं पोचवून आलो होतो, तो परत आला होता. त्याने हात पुढे केला, आणि मी ओठ मिटले. पुढे डोळे मिटले. त्या वरच्या माडीत मी असतो, तर तिथेही मिटले असते. यात मला शंका वाटत नाही.

देवळातल्या कपाटाची किल्ली पंच म्हणून माझ्याकडे असते. तासाभरापूर्वी जाऊन मी तो जुना प्याला काढून आणला. मुलामा काळवंडला होता. चिंचेने आणि राखेने घासला. मधे मधे पितळ दिसतं, पण चमकतो आहे. समोर टेबलावर ठेवला आहे, औषधाच्या पेल्यांच्या शेजारी.

उद्या उपदेशाच्या जागी मी हेच सांगणार आहे, दाऊद आणि सारूबाई समोर बसलेले असताना. सांगून झाल्यावर प्याला पाळकसाहेबांपुढे ठेवीन. ते तो फिरवतील की नाही, मंडळी मला पंच ठेवील की नाही, दाऊद माझ्या शेजारी बसेल की उठून जाईल, सारूबाई काय म्हणेल — हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी दाऊदनंतरच्या जागेवर बसणार आहे. प्याला आला, तर पिणार आहे.

आत्ता स्वयंपाकघरातून मनुका उकळल्याचा वास येतोय. बायकोने आतून विचारलं, “छत्तीस पेल्यांपुरताच ना हो?”

मी म्हणालो, “नाही. एका प्याल्यापुरता.”

ती हातात पळी तशीच घेऊन दारात आली, टेबलावर काय आहे ते तिने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेली.

उपदेशाचा कागद समोर आहे. पहिली ओळ तशीच ठेवली आहे : प्रभू उठला आहे. तिच्याखाली दुसरी लिहिली : दाऊदने केलेलं तबक इथे आलं ते माझ्यामुळे, त्याच्या ओठांनंतर माझे ओठ लावायला नकोत म्हणून.